सव्वातला एक

टाळ जरा खाली ठेवा. पखवाजवाल्या पाहुण्यांनाही विसावा द्या, त्यांचे हात लाल झालेत. नाम झालं, निरूपण झालं. आता गोष्ट.

पण गोष्टीआधी एक प्रश्न. उत्तर लगेच देऊ नका, मंडळी — घाईत दिलेलं उत्तर खोटं निघतं! आपण जे शहाणपण मिरवतो, ते ज्याच्याकडून घेतलं, त्याचं नाव चारचौघांत घेतो का? मोठ्या माणसाचं घेतो. "मी अमक्या साहेबांच्या हाताखाली शिकलो" म्हणताना छाती कशी पुढं येते! पण ज्याचे हात काळे होते, ज्याला शुद्ध बोलता येत नव्हतं, तो आला की आपणच जरा बाजूला सरकायचो — त्याच्याकडून घेतलेलं? ते आपलंच म्हणून खपवतो की नाही?

पहिल्या रांगेतल्या दोघांनी माना खाली घातल्या. मला दिसतंय हो!

तर ऐका. आजचं आख्यान पुराणातलं नाही. त्यात राक्षस नाही, शाप नाही, आकाशवाणी नाही. आपल्या बोरगावचं आहे. आनंदा कुंभाराचं, म्हणजे आपल्या आनंदा मिस्त्रीचं आणि त्याच्या लेकीचं. आनंदाला जाऊन आज वर्ष झालं. लेकीनं, वैजयंतीनं, हे कीर्तन ठेवलं. काल घरी आली, सगळं सांगितलं आणि म्हणाली, "बुवा, काही झाकू नका." आणखीही एक गोष्ट म्हणाली. ती शेवटी.

सगळं चांगलं होतं असा जो शेवटचा दिवस, तिथनं सुरुवात करू. मंगळवार होता. आनंदानं सकाळी परसातली वांगी काढली. बायकोला म्हणाला, "बी फार हाय, भरताला न्हाई चालायची." मग गॅरेजात गेला. सत्तरी उलटली होती, काम सुटलं होतं, पण पाय कुठं सुटतात? बाकावर बसायचा, पोरांची कामं ऐकायचा. बघायचा नाही बरं का — ऐकायचा! दुपारी जेवून त्यानं पुण्याला लेकीला फोन लावला. रोज लावायचा, दोन वाजता.

लेक काय करते पुण्यात? सॉफ्टवेअर! आता सॉफ्टवेअर म्हणजे काय हो? मलाही ठाऊक नव्हतं. मी तिला विचारलं, "बाई, ते हातात धरता येतं का?" म्हणाली, "नाही बुवा." म्हटलं, "दिसतं का?" म्हणाली, "तसं नाही." "मग त्याच्यावाचून चालतं का?" "आता नाही चालत." म्हटलं, कळलं! हे तर आमच्याच धंद्यातलं निघालं!

तर ती आणि तिच्याबरोबरची मंडळी एक गोष्ट बनवत होती. तान्ह्या बाळांचा दवाखाना. नर्सचे दोन्ही हात गुंतलेले. तिनं नुसतं फोनशी बोलायचं — बाळाचं वजन इतकं, बाळ इतक्या दिवसांचं. फोननं हिशोब करून सांगायचं, औषध किती द्यायचं. तेही आपल्या मराठीत! मराठीत बोललेले आकडे मशीनला समजावायचे, हा भाग वैजयंतीनं एकटीनं लिहिला होता. आठ महिने खपून.

आनंदा फोनवर म्हणाला, "वैजू, झालं का तुझं ते बोलकं यंत्र?"

"झालं, आप्पा. पंधरवड्यात दवाखान्यात लागेल."

"टकोरा कोन मारतंय?"

"मीच तपासलंय. पुन्हा पुन्हा तपासलंय."

"घडवलं कुनी?"

"मीच की."

"मग तू कशी वाजवशील?"

आता हा टकोरा काय, ते सांगतो. पण आधी तिचं उत्तर ऐका. कामाचा ढीग, डोक्यावर मीटिंग, आणि म्हातारं माणूस तेच ते बोलतंय. ती म्हणाली, "आप्पा, हे मडकं नाही, नटबोल्ट पण नाही. कंपनी आहे ही. मला मीटिंग आहे, ठेवते." आणि ठेवला.

तुम्ही कधी ठेवला नाही का असा फोन? मी ठेवलाय. आपण सगळ्यांनी ठेवलाय. दुसऱ्या दिवशी दोन वाजता तो परत येणार असतो ना, म्हणून ठेवतो!

बुधवारी सकाळी आनंदानं चहा घेतला, कप खाली ठेवला, खुर्चीला पाठ टेकली. तेवढंच. दोन वाजता फोन आला नाही.

आता टकोरा. अहो, आनंदा जातीचा कुंभार. त्याच्या बापाचं चाक होतं ओढ्याकाठी. आव्यातून, म्हणजे भट्टीतून, भाजलेली मडकी निघाली की एकेक हातावर घ्यायचं, बोटाचं हाड त्याच्यावर मारायचं. खण्ण वाजलं, पक्कं! बद्द वाजलं, कुठंतरी चीर आहे. डोळ्याला दिसत नाही, पण कानाला कळते. आणि कुंभारवाड्याचा एक रिवाज होता. ज्यानं मडकं घडवलं, त्यानं टकोरा मारायचा नाही. त्याच्या बायकोनं मारायचा, भावानं मारायचा, शेजाऱ्यानं मारायचा. का? तर घडवणाऱ्याच्या कानाला आपलं मडकं बद्द वाजतच नाही! त्याचा कान खोटारडा नसतो हो, प्रेमळ असतो. खोटारड्यापेक्षा प्रेमळ कान जास्त फसवतो.

मी त्याच्यावर दोन ओळी जुळवल्यात. अभंग म्हणू नका, माझीच आहे जोडणी, वाकडी असली तर माझी. टाळकरी, धरा —

ज्याने घडविले, त्याने वाजवू नये।
आपुल्या कानासी आपण भुलू नये॥

वा! मागच्या बाया जोरात म्हणाल्या, पुरुष नुसते ओठ हलवतायत. पुरुषांना आपलंच मडकं वाजवायची सवय जास्त!

पुढं प्लास्टिकच्या घागरी आल्या, चाक थांबलं, आणि आनंदा मालकांच्या गॅरेजात लागला. मालकांच्या सहा बसगाड्या. लग्नाची वऱ्हाडं, देवदर्शनं. चाक मातीचं होतं ते रबराचं झालं, पण आनंदानं रिवाज तोच ठेवला. चाकाचे नट आवळले की हातोडीनं टकोरा मारून ऐकायचं. घट्ट नट खण्ण वाजतो, ढिला नट बद्द. आणि आवळणाऱ्यानं वाजवायचं नाही! आनंदानं आवळलं की त्याचा जोडीदार बापू ऐवळे वाजवणार, बापूनं आवळलं की आनंदा. ते बघा, बापू खांबाला टेकून बसलाय. बापू, तुझंच चाललंय रे, झोपू नकोस!

आता मी स्वतः पाहिलेलं सांगतो. पंचवीस-सव्वीस वर्षं झाली. घाटापलीकडं माझं कीर्तन होतं आणि मालकांच्या पुतण्याचं वऱ्हाडही तिकडंच निघालं होतं. मला म्हणाले, बुवा, बसा गाडीत. बसलो. गच्च भरलेली गाडी, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव पुढं, मुहूर्त जवळ आलेला, आणि गाडी हलेना. का? तर बापू भाकरी खायला गेलाय!

मालक ओरडले, "आनंदा, सोड की गाडी! तूच मार की टकोरा."

"मी आवळलंय, मालक."

"मग बरंच की! तुझ्यावर भरवसा हाय माझा."

"माझ्यावर नका ठेवू. आवाजावर ठेवा."

माझंही डोकं तापलं. मी खिडकीतून तोंड काढून म्हणालो, "अहो मिस्त्री, देव खोळंबलाय तिकडं माझ्यासाठी!"

आनंदानं वर बघितलं आणि म्हणाला, "बुवा, देवाकडं जायचंय का देवाघरी?"

सगळी गाडी हसली. मी सोडून! मला राग आला होता. कीर्तनकाराला राग येत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला?

मग बापू हात पुसत आला. हातोडी घेतली. खण्ण, खण्ण, खण्ण... पुढची दोन चाकं झाली. मागचं डावं चाक — खण्ण, खण्ण, खण्ण, खण्ण... बद्द.

नवरदेवाच्या मुंडावळ्यासुद्धा हलेनात. पाचवा नट. स्वतः आनंदा मिस्त्रीनं आवळलेला!

आता आपण असतो तर काय केलं असतं? "तू हळू मारलंस बापू, परत मार." नाहीतर, "पाना झिजलाय." नाहीतर, "एक नट ढिला असला तर काय होतंय, बाकीचे आहेत की!" आनंदानं काय केलं? पाना घेतला, नट आवळला, बापूच्या पाठीत धपाटा घातला आणि हसून म्हणाला, "चहा माझा!"

हा त्यांचा दुसरा रिवाज. चूक ज्याची सापडली, त्यानं शोधणाऱ्याला चहा पाजायचा. शिव्या नाहीत, रुसवा नाही, चहा! मी तो घाट उतरलो, कीर्तन केलं, परत आलो, आणि आज तुमच्यासमोर उभा आहे. त्या दिवशी आनंदाला मी धन्यवाद दिले नाहीत. उशीर झाला म्हणून चिडून बसलो होतो. आज देतोय. बघा, पंचवीस वर्षांचा उशीर आम्हाला चालतो, पाच मिनिटांचा चालत नाही!

त्या गाडीशेजारी दहा वर्षांची एक मुलगी बापाचा डबा घेऊन उभी होती. ती हे सगळं बघत होती. तीच वैजयंती.

चला आता पुण्याला.

तेरावा करून ती कामावर परतली. तिचे वरिष्ठ होते सबनीस सर. माणूस वाईट नाही, आधीच सांगतो. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "वैजयंती, वडिलांचं ऐकून फार वाईट वाटलं. ट्रान्सपोर्टमध्ये होते ना ते?"

ती म्हणाली, "हो, सर."

ऐकलंत? ट्रान्सपोर्टमध्ये! खोटं आहे का? नाही. गॅरेज हे ट्रान्सपोर्टमध्येच येतं. खरं आहे का? तुम्ही सांगा! कॉलेजच्या फॉर्मवर तिनं पहिल्यांदा तसं लिहिलं, आणि तेच पुढं चालत राहिलं. त्याच कॉलेजात आनंदा तिची ट्रंक घेऊन पोचवायला गेला होता. हॉस्टेलच्या फाटकाशी थांबला. आत नव्या मैत्रिणी, त्यांचे आईबाप, इस्त्रीचे कपडे. त्यानं एकदा आपल्या हातांकडं बघितलं, आणि म्हणाला, "मी हितंच थांबतो वैजू. तू जा." बाप असा शहाणा की त्यानं पोरीला बोलायचीसुद्धा अडचण ठेवली नाही. आणि ती, मंडळी — ती गेली. दोन शब्द बोलायचे होते, ते बोलली नाही. हे तिनंच मला सांगितलं. सांगताना रडली नाही, पदराचा काठ तेवढा सरळ करत होती.

असो. तर सबनीस सर म्हणाले, "आता ऐक. गुरुवारी हॉस्पिटलमध्ये उद्घाटन आहे. पाहुणे ठरलेत, पत्रिका छापून झाल्या. आज मंगळवार. तुझा भाग सोडून सगळं तयार आहे."

त्या कंपनीत मुळात नियम चांगला होता. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचायचं, वापरून बघायचं, त्यानं 'मंजूर' बटण दाबायचं, मगच ते बाहेर जायचं. पण घाई आली की पहिला बळी कुणाचा जातो? नियमाचा! नियम बिचारा गरीब, ओरडत नाही.

सर म्हणाले, "इरफान तुझं काम वाचायला बसला तर दोन दिवस जातील. म्हणून या खेपेपुरतं ज्याचं त्यानं मंजूर करायचं ठरलंय. वरून परवानगी आहे. तू बटण दाब, मी पुढं पाठवतो."

या खेपेपुरतं! मंडळी, जगातली सगळी भगदाडं या दोन शब्दांनी पडलीत. "या खेपेपुरतं" म्हणून जो नियम गावाबाहेर गेला तो परत आलेला मी पाहिला नाही.

वैजयंती जागेवर बसली. बटण समोर. दाबायला किती वेळ लागतो? डोळ्याची पापणी मिटायला लागतो तेवढा. आणि न दाबलं तर? पुढच्या महिन्यात तिला टीमची प्रमुख करायचं चाललं होतं. आठ वर्षांची वाट. सगळं त्या एका बोटावर.

तिला कानात ऐकू आलं — घडवलं कुनी? मग तू कशी वाजवशील?

ती उठली, सबनीस सरांच्या टेबलाशी गेली. "सर, मी नाही दाबणार."

"का? काही चूक सापडली का?"

"नाही. म्हणूनच."

"म्हणजे?"

"मी लिहिलंय, सर. मला चूक सापडणारच नाही."

"अगं, दोन हजार वेळा तपासलंयस तू!"

"दोन हजार वेळा मीच तपासलंय, सर."

सबनीसांनी चष्मा काढला. "हे बघ, तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

ती म्हणाली, "माझ्यावर नको, सर." पुढचं वाक्य गिळलं. आवाजावर ठेवा, हे त्या काचेच्या खोलीत कसं म्हणायचं?

"वैजयंती, तू दुःखात आहेस. हवी तर आणखी सुट्टी घे. बटण दुसरं कुणी दाबेल."

"दाबू द्या. पण त्यानं आधी वाजवून बघितलं पाहिजे."

"काय?"

"तपासलं पाहिजे, सर."

"आणि पाहुणे? पत्रिका? उशीर झाला तर वर कुणाचं नाव कळवू?"

"माझं कळवा."

"मग पुढच्या महिन्याचं विसरावं लागेल. मी रागानं नाही बोलत. वरचे विचारतील तेव्हा माझ्याकडं उत्तर नसेल."

"विसरते, सर. इरफानला आजची दुपार द्या. दोन दिवस नको. एक दुपार."

सबनीस वाईट नव्हते, म्हटलं ना! मालक तरी कुठं वाईट होते? त्यांच्या डोक्यावर मुहूर्त बसलेला असतो, आणि मुहूर्त डोक्यावर बसला की कान झाकतो. त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "पाच वाजेपर्यंत. एक मिनिट जास्त नाही."

इरफान मुजावर. मिरजेचा गडी. टीममध्ये सगळ्यांत थट्टेखोर. तो म्हणाला, "मॅडम, तीन तासांत तुमचं सगळं वाचून होणार नाही. मी वाचतच नाही. मी आता नर्स बनतो." आणि डोक्याला रुमाल बांधला, फोन समोर ठेवला, बायकी आवाज काढून बोलायला लागला. "वजन अडीच किलो, तीन दिवसांचं बाळ." फोन म्हणाला, दोन पूर्णांक पाच. बरोबर! "वजन पावणेतीन किलो, चार दिवसांचं बाळ." बरोबर! दीड, साडेतीन, सव्वादोन — सगळं बरोबर. खण्ण, खण्ण, खण्ण! साडेतीन वाजले. चार वाजले. सबनीस दोनदा काचेपाशी येऊन घड्याळ बघून गेले. वैजयंतीला वाटायला लागलं, आपण उगीचच ताणलं.

साडेचारला इरफान म्हणाला, "वजन सव्वा किलो, दोन दिवसांचं बाळ."

फोन म्हणाला — दोन पूर्णांक पंचवीस.

बद्द!

इरफान पुन्हा बोलला. पुन्हा तेच. बाळ सव्वा किलोचं, मशीन म्हणतंय सव्वादोन! जवळजवळ दुप्पट. म्हणजे औषधही जवळजवळ दुप्पट. सव्वा किलोचं बाळ केवढं असतं ठाऊक आहे? माझ्या या ओंजळीत मावतं.

कसं झालं हे? अहो, फार साधं. वैजयंतीनं मशीनला शिकवलं होतं की 'सव्वा' ऐकलं की पुढचा आकडा शोध. सव्वादोन, सव्वातीन, सव्वाचार. एकासाठी काय शिकवलं? सव्वाएक! तिच्या यादीत 'सव्वाएक' होतं. स्वतः तपासताना ती 'सव्वाएक'च बोलायची, मशीन बरोबर सांगायचं. आता मला सांगा, मंडळी, सव्वा म्हणजे किती?

...ऐका! सगळे म्हणाले, "सव्वा!" सव्वा म्हणजे सव्वा! त्यातला एक कुणी बोललंच नाही! सव्वा रुपया देवापुढं ठेवतो, त्यात एक रुपया असतो की नाही? असतो. पण तो बोलत नाही आपण, तो पोटात असतो. तसा नर्सचाही पोटातच राहिला. मशीन बिचारं आकडा शोधत पुढं गेलं, आणि त्याला सापडले 'दोन दिवसां'तले दोन!

इरफाननं रुमाल सोडला. म्हणाला, "मॅडम, सव्वाएक कोण म्हणतं? माझ्या अम्मीनं सव्वाएक किलो मटण मागितलं तर कसाई विचारेल, बाई, तुम्ही शाळेत शिकवता काय?"

वैजयंती हसली. तेरा दिवसांत, चौदा दिवसांत पहिल्यांदा हसली. मग उठली आणि चहा आणायला गेली. कॅंटीनचा नाही, खाली रस्त्यावरचा, आलं घातलेला. तीन कप. एक इरफानपुढं ठेवला आणि म्हणाली, "चहा माझा." दुसरा सबनीस सरांपुढं ठेवला. ते फोनकडं बघत बसले होते. त्यांनी स्वतः तीनदा बोलून पाहिलं — सव्वा किलो, दोन दिवसांचं बाळ — आणि तीनदा दोन पूर्णांक पंचवीस. मग त्यांनी वर फोन लावला. म्हणाले, "उद्घाटन पुढं ढकलावं लागेल. नाही, तिचं नाव नको. माझं लिहा."

बघा! मुहूर्त डोक्यावरून उतरला की माणूस किती उंच दिसतो!

पाहुणे गुरुवारी आलेच हो. पत्रिका छापल्या होत्या ना! फीत कापायला काहीतरी हवं, तर दवाखान्यात पिण्याच्या पाण्याचं नवीन यंत्र बसवलं होतं, त्याच्यासमोर फीत बांधली. भाषण आधी लिहिलेलं. पाहुणे म्हणाले, "हे यंत्र आपल्या मराठी भाषेत बोलणार आहे!" सगळे अजून वाट बघतायत!

सगळं नीट तपासून, दहा दिवसांनी, खरं यंत्र लागलं. आज तिथल्या नर्स बोलतात, ते ऐकतं, आणि सव्वाला सव्वा म्हणतं.

पुढं कंपनीत नियम पक्का झाला. ज्यानं लिहिलं, त्यानं मंजूर करायचं नाही, पत्रिका छापल्या असल्या तरी नाही. ती पोरं त्या कामाला काय म्हणतात ठाऊक आहे? टकोरा! "माझा टकोरा राहिलाय." "इरफाननं टकोरा दिला का?" वैजयंतीच्या तोंडून एकदा निघून गेला, तो शब्द राहिला. आणि चूक सापडली की चहा. पोरं चुका शोधायला धावतात, चहा मिळतो ना! चुका कमी झाल्या, चहा वाढला!

मग एकदा सगळ्या कंपनीसमोर सबनीसांनी तिला उभं केलं. म्हणाले, "ही पद्धत फार सुंदर आहे. कुठं शिकलीस? कुठल्या कंपनीत?"

दोनशे माणसं बसलेली. हीच वेळ होती, मंडळी. समोर ताट वाढून ठेवलेलं. आणि ती म्हणाली, "एका जुन्या ठिकाणी पाहिली होती."

एका जुन्या ठिकाणी!

तुम्ही म्हणाल, कृतघ्न! नका म्हणू. ती नियमासाठी नोकरी पणाला लावणारी मुलगी आहे, भित्री नाही. पण काही शब्द वीस वर्षं घशाशी अडकले की गंजतात हो. त्यांना नुसता जोर लावून चालत नाही. तिची आई तिला एकदा म्हणाली होती, "त्या मंगळवारी तू फोन ठेवलास, तर आप्पा फोनकडं बघून म्हणाले, जेवली का ते विचारायचं राहिलं बघ." रागावला नव्हता. रुसला नव्हता. एवढंच राहिलं म्हणाला. ज्याचं इतकं थोडं राहिलेलं असतं, त्याचं देणं फेडायला शब्द सापडत नाहीत.

आता तुमच्याकडं वळतो. मी कसा सोडीन? सव्वात एक असतो आणि तो कुणी बोलत नाही. तुमच्या सव्वातला एक कोण? तुम्ही बँकेत साहेब झालात, तुमचा मुलगा डॉक्टर झाला, तुमची सून कॉलेजात शिकवते — तो वरचा पाव तुमचा. कबूल! मेहनतीचा आहे. पण पाव! पोटातला एक कुणी दिला? फुंकणीनं डोळे लाल झालेल्या आईनं? फळ्यावरचं पुसून पुसून शिकवणाऱ्या गुरुजींनी? कुणा हेल्परनं, कुणा मावशीनं? त्याचं नाव घ्या. मशीनसुद्धा चुकतं हो पोटातला एक बोलला नाही तर, माणूस नाही का चुकणार? आणि तो जिवंत असेल तर आज कीर्तनातून उठलात की आधी फोन लावा. जेवलात का, विचारा. त्याच्याआधी तुम्ही विचारा!

आता शेवटची गोष्ट, सुरुवातीला राखून ठेवलेली. काल वैजयंती म्हणाली, "बुवा, आख्यान संपलं की मला दोन वाक्यं बोलू द्या." मी म्हटलं, "अगं, सगळं मीच सांगणार आहे." म्हणाली, "तुम्ही सांगितलं म्हणजे मी सांगितलं होत नाही." खरं आहे. पुण्याहून आज एक गाडी आली आहे. सबनीस सर तिकडं सतरंजीवर बसलेत, मांडी घालायची सवय दिसत नाही, पण बसलेत. इरफान बापूच्या शेजारी खांबापाशी आहे, दोघांचं मघापासून गुळपीठ जमलंय. मी आता बाजूला होतो. टाळ वाजवू नका. कुणी काही वाजवू नका. ऐका.

ये, बाई.

ती उठली. समोर आली. माईक दिला तर म्हणाली, नको. एकदा सबनीस सरांकडं बघितलं, एकदा बापूकडं.

"माझे वडील आनंदा कुंभार. ते ट्रान्सपोर्टमध्ये नव्हते. गॅरेजात मिस्त्री होते. टकोरा त्यांचा आहे, चहाही त्यांचा आहे. मला येतं ते मी त्यांच्याकडून घेतलं."

मग तिनं मान वळवली. मंडपाच्या दाराकडं, जिथं चपला काढतात, तिकडं बघून म्हणाली —

"आप्पा, बाहेर नका थांबू. आत या."